चांगथांगच्या पठारावर श्वास अडकला तेव्हा: कोल्हापूरच्या एका सायकल गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या आठ सायकलस्वारांचा गट ऑगस्टमध्ये लडाखच्या चांगथांग भागात माउंटन बाइक सफरीला गेला. सोबत कोल्हापूरचाच एक गटप्रमुख, चांगपा कुटुंबात वाढलेला स्थानिक मार्गदर्शक, एक स्वयंपाकी आणि दोन गाड्या होत्या: माणसांसाठी जीप, सायकली नि सामानासाठी पिकअप. वर्ष, नावं आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. ज्याच्यावर हा प्रसंग आला त्या स्वाराला इथं ‘क’ म्हटलं आहे. वय 41, गटातला सगळ्यात दमदार गडी.

चांगथांग म्हणजे तिबेटच्या पठाराचा भारतात आलेला पश्चिमेकडचा भाग. चांगपा लोक इथं पश्मिना शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन ऋतूप्रमाणे चराई बदलत राहतात. त्यांच्या याकच्या केसांच्या काळ्या तंबूला रेबो म्हणतात. खोऱ्याचा तळच 4,300 ते 4,600 मीटरवर, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंडी त्याहून वर. लेह 3,500 मीटरवर आहे.

या प्रकरणाचं मर्म या भूगोलात आहे. सह्याद्रीत कुणाला बरं वाटेनासं झालं तर खाली उतरायला घाट असतोच. आंब्याहून किंवा गगनबावड्याहून तासाभरात माणूस कोकणात पोचतो. चांगथांगमधल्या त्सो कार तलावाच्या काठावर मात्र चहूकडे उंचीच. तिथून खाली जायची प्रत्येक वाट आधी वर चढते. उंचीच्या आजारावर ‘खाली उतरा’ हा पहिला इलाज सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण मुक्कामाच्या प्रत्येक जागेवरून खाली म्हणजे नेमकं कुठं, किती वेळात आणि कुठल्या खिंडीवरून, हे सफरीआधी कागदावर मांडणारे गट फार थोडे. या गटानेही ते मांडलं नव्हतं.

मार्ग आणि तयारी

ठरलेला मार्ग असा: लेहमध्ये तीन रात्री, मग जीपने उपशीमार्गे सिंधूच्या काठाने चुमाथांग (सुमारे 4,000 मीटर). तिथून सायकलने माहे पूल, सुमदो आणि पुगा (सुमारे 4,400). पुग्यात दोन रात्री. मग पोलो कोंगका खिंड (सुमारे 4,950) ओलांडून त्सो कार (4,530). शेवटी देबरिंगला मनाली–लेह महामार्गाला लागून तांगलांग ला ही खिंड (5,328 मीटर) चढायची आणि रुमत्से, ग्या करत उपशीला उतरायचं.

तयारी कोल्हापूरच्या पद्धतीने जोरदार झाली होती. आठवड्यातून दोनदा पन्हाळा, रविवारी मसाई पठार, पावसाआधी राधानगरीच्या बाजूची लांब चक्कर. पाय, पाठ आणि कच्च्या रस्त्यावर सायकल सांभाळायचा हात यासाठी मसाईचा जांभा उत्तम. पण तो हजार मीटरच्या आसपास आहे. तिथं कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होत नाही. उलट तब्येतीच्या जोरावर माणूस पहिल्या दिवसापासून वेगात चढतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. तालमीच्या गावात दम लागला की आणखी जोर लावायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. 4,500 मीटरवर तीच सवय घात करते.

सायकलींची तयारी नीट होती. 29 इंची चाकं, 2.25 इंची ट्यूबलेस टायर, सीलंट ताजं भरलेलं. पुग्यापुढच्या रेताड पट्ट्यात हवा 28 वरून 21 पीएसआयपर्यंत उतरवायची, पुढच्या चाकात आणखी एक कमी, असं ठरलं होतं. त्सो कारची खारी धूळ साखळीला लागली की एका रात्रीत गंज धरतो, म्हणून रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने साखळी पुसून तेल द्यायचं होतं. पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि वरून कळत नाही, म्हणून तो रात्री झोपायच्या पिशवीत ठेवायचा. एवढा बारीक विचार सायकली आणि पाण्याबाबत झाला होता. सायकलींवर लावलेलं हे डोकं माणसांवर तितकंसं लावलं गेलं नाही.

औषधांच्या पेटीत अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स), डेक्सामेथासोन आणि निफेडिपिनच्या सावकाश विरघळणाऱ्या 30 मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. कोल्हापुरातल्या एका फिजिशियननी प्रत्येक स्वाराला तपासून, कुठलं औषध कुठल्या लक्षणाला आणि किती, हे एका पानावर लिहून दिलं होतं. ते पान पुढे फार उपयोगी पडलं. ऑक्सिजनचा एक ‘ए टाइप’ सिलेंडर जीपमध्ये होता आणि रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे, बोटाला लावायचे दोन ऑक्सिमीटर.

दोन दिवस कमी पडले

निघायच्या आदल्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पुढे गेली आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं. गटाला पुण्याहून विमान गाठायचं होतं. सायकली आधीच मालगाडीने पुढे गेल्या होत्या, माणसं मात्र अडकली. पाणी उतरून लेहला पोचेपर्यंत सफरीचे दोन दिवस गेले. परतीची तिकिटं बदलण्याजोगी नव्हती.

पहिला निर्णय इथला: कुठले दोन दिवस कापायचे? गटप्रमुखापुढे तीन वाटा होत्या. एक, शेवटची तांगलांग ला सायकलने न चढता गाडीने ओलांडायची. दोन, पुग्यातून आल्या वाटेने मागे फिरायचं आणि त्सो कार सोडून द्यायचं. तीन, लेहमधली एक रात्र आणि पुग्यातला विश्रांतीचा दिवस काढून टाकायचा.

तिसरी वाट निवडली गेली. कारण उघड आहे. खिंड आणि तलाव यांसाठी लोक सहा महिने तयारी करून आले होते, विश्रांतीच्या दिवसासाठी कुणीच आलं नव्हतं. शिवाय कागदावर नियम मोडत नव्हता. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरहून जास्त चढवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. लेह 3,500, चुमाथांग 4,000, पुगा 4,400, त्सो कार 4,530. प्रत्येक टप्पा 500 च्या आत बसत होता. पण त्याच दंडकाचा दुसरा अर्धा भाग, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं, हा या कापाकापीत पूर्ण निघून गेला.

आणखी एक गोष्ट त्या वेळी कुणाच्या नजरेत भरली नाही. पुरात दोन दिवस भिजत सामान हलवल्याने ‘क’ला सर्दी झाली होती. श्वसनमार्गाचा ताजा संसर्ग असताना उंचीवर गेलं तर फुप्फुसात पाणी साचायचा धोका वाढतो. लेहमध्ये त्याची सर्दी उतरणीला लागली होती, म्हणून विषय मागे पडला.

पुग्यातला तुटलेला हँगर

पुग्याच्या खोऱ्यात गरम पाण्याचे झरे आहेत, गंधकाचा वास असतो आणि जमिनीवर टाकणखाराचा पांढरा थर दिसतो. तिथं शिरताना एका स्वाराची सायकल दगडावर आपटली आणि मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, तुटला. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, आणि या सायकलीचा जादा हँगर कुणी आणला नव्हता. जीप पहाटे लेहला पाठवायची, हँगर घेऊन संध्याकाळी परस्पर त्सो कारला यायचं, असा बेत निघाला.

स्थानिक मार्गदर्शकाने तो साफ नाकारला. गट ज्या दिवशी पठाराच्या आतल्या भागात शिरतो त्या दिवशी माणसांची गाडी गटापासून दूर जाणार नाही, मग सायकल चालो न चालो, हा त्याचा नियम. थोडी कुरबुर झाली. पण तो हटला नाही.

मग सायकल एकाच गिअरची केली. डिरेलर काढून टाकला, साखळी चेन टूलने तोडून समोरची 32 दात्यांची चकती आणि कॅसेटमधली, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचातली, 24 ची चकती यांवर ताठ बसेल इतकी आखूड केली आणि क्विक लिंकने जोडली. चकती निवडताना सोपा गिअर बघायचा नसतो, साखळी सरळ रेषेत बसते का हे बघायचं. हल्लीच्या कॅसेटवर साखळी वर चढावी म्हणून दात्यांना खाचा असतात. रेषा थोडी तिरकी झाली तरी साखळी शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते, ताणते आणि तुटते किंवा फ्रेमला इजा करते. ही सायकल मागे सस्पेन्शन नसलेली होती म्हणून जमलं. मागचं सस्पेन्शन असतं तर चाक खालीवर होताना साखळीचं अंतर बदलतं आणि हा उपाय टिकत नाही. त्या स्वाराने पोलो कोंगका अर्धी चालत चढली आणि जीप गटासोबत राहिली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा ठरलेला निर्णय हाच, आणि घेतला त्या वेळी त्याचा ‘क’शी काही संबंध नव्हता.

लक्षणं

पुग्याच्या रात्री ‘क’ला कोरडा खोकला लागला. सकाळी ऑक्सिमीटरवर बाकीच्यांचे आकडे 83 ते 87 होते, त्याचा 78. गटप्रमुखाने विचारलं तेव्हा उत्तर आलं, “काय नाही ओ दादा, धुरळा गेलाय घशात. गोळी चालू हाय की.”

गोळी म्हणजे डायमॉक्स, 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. या गोळीने डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं हा उंचीचा नेहमीचा त्रास कमी होतो. फुप्फुसात पाणी साचणं रोखायला ती भरवशाची नाही. डोकं दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं ‘क’ने आणि गटप्रमुखानेही धरलं. प्रत्यक्षात हा आजार डोकेदुखीशिवायही येतो, आणि बहुधा नव्या उंचीच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री येतो.

दुसरा निर्णय: ‘क’ला खिंडीवर सायकल चालवू द्यायची की जीपमध्ये बसवायचं? त्याने चालवायचा हट्ट धरला आणि गटप्रमुखाने सगळ्यांच्या मागे राहण्याच्या अटीवर परवानगी दिली. एरवी सर्वांत पुढे असणारा माणूस खिंडीवर इतरांनंतर पाऊण तासाने पोचला. शेवटच्या वळणांवर तो दर शंभर पावलांना थांबून हँडलवर छाती टेकत होता. दमलेला माणूस थांबतो, श्वास घेतो आणि दोन मिनिटांत सावरतो. ‘क’ थांबूनही सावरत नव्हता. फुप्फुसात पाणी साचू लागल्याची सर्वांत पहिली खूण आकड्यात दिसत नाही. ती अशी दिसते: माणसाची ताकद त्याच्या नेहमीच्या मानाने अचानक घटते आणि विश्रांतीनेही परत येत नाही. गटात ज्याला सगळे बलवान म्हणून ओळखतात त्याच्याबाबतीत ही खूण सर्वांत ठळक असते आणि सर्वांत उशिरा मान्य होते.

त्सो कारचा मुक्काम

साडेचारला गट त्सो कारजवळ पोचला. मुक्कामाच्या जागेपासून थोड्या अंतरावर एक रेबो होता आणि दगडी कुंपणात शेळ्या. इथली रीत मार्गदर्शकाने आधीच समजावली होती. दूध काढताना शेळ्या समोरासमोर मानेशी मान गुंतवून एका लांब दोरीने बांधलेल्या असतात. त्या वेळी सायकल जवळून वेगात नेली तर सगळी रांग उधळते आणि शेळ्यांच्या माना आवळतात. म्हणून दुरूनच उतरायचं. राखणीचा कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही: सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये आडवी धरायची, चालत राहायचं आणि मालकाला हाक द्यायची. माळावर धनगरांच्या वाड्याजवळून जायची सवय असलेल्यांना यात नवं काही वाटलं नाही. मार्गदर्शकाने रेबोतल्या म्हाताऱ्या मेमे-लेंना (लडाखीत आजोबांना) विचारून मगच तंबूंची जागा ठरवली. पाणी कुठलं घ्यायचं हेही त्यांनीच दाखवलं, कारण त्सो कारचं पाणी खारं आहे आणि गोडं पाणी शेजारच्या स्टार्टसापुक त्सोकडच्या अंगाला मिळतं.

सहा वाजता पुन्हा मोजणी झाली. बोटं आधी गरम करून, कारण गार बोटावर ऑक्सिमीटर खोटा आकडा दाखवतो. बाकीचे 82 ते 87. ‘क’ 72, नाडी 116. इथं तिसरा निर्णय झाला आणि तो सर्वांत महाग पडला: जेवण होऊ दे, मग परत बघू. अजून उजेड होता. रस्ता दिसत होता. चालक ताजा होता. पावणेतीन तास असेच गेले.

पावणेनऊला ‘क’ला आडवं पडवेना. बसूनही मिनिटाला 32 श्वास. आकडा 63, ओठ निळसर. गटप्रमुखाने उजव्या काखेखाली पाठीला कान लावला तर श्वासासोबत बारीक चुरचुर ऐकू येत होती. दोन माणसांच्या आधाराने, टाचेला बोट लावत सरळ रेषेत चार पावलं टाकायला लावलं, ती नीट पडली. बोलणं शुद्धीत होतं. म्हणजे मेंदूला सूज आल्याचं चिन्ह नव्हतं, फुप्फुसात मात्र पाणी होतं.

पर्याय

मोबाइलला रेंज नव्हती. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं भारतात बेकायदा आहे, त्यामुळे तोही नव्हता. फिजिशियनचं पान आणि पाच माणसांचं डोकं, एवढ्यावर ठरवायचं होतं.

*सकाळपर्यंत थांबणं.* यासाठी ऑक्सिजन पुरायला हवा. ‘ए टाइप’ सिलेंडर 5 लिटर पाण्याच्या मापाचा, पूर्ण भरलेला असताना 150 बार, म्हणजे 750 लिटर वायू. काटा 110 बारवर होता. चुमाथांग आणि पुग्यात चौघांनी डोकं जड झालं म्हणून पंचवीस-पंचवीस मिनिटं, मिनिटाला 2 लिटरने घेतला होता. ते 200 लिटर तिथं संपले. उरले 550. मिनिटाला 2 लिटरने साडेचार तास. पहाट व्हायला त्याहून जास्त वेळ होता, आणि हा आजार रात्रीच बळावतो. काहींच्या पिशवीत ऑक्सिजनचे फवारणीचे डबे होते. एका डब्यात जेमतेम काही लिटर असतात, चार-पाच मिनिटांचा खेळ. ते हिशेबात धरले नाहीत, ते बरोबरच झालं.

*पोलो कोंगका ओलांडून मागे चुमाथांगला.* चढ कमी, सव्वाचारशे मीटर. पण रस्ता कच्चा, आणि सगळं करून पोचणार 4,000 मीटरवर, म्हणजे फायदा 500 मीटरचा. या आजारात निदान हजार मीटर खाली न्यायचं असतं. तिथून लेह आणखी 138 किलोमीटर.

*तांगलांग ला ओलांडून लेहला.* सुमारे दीडशे किलोमीटर, देबरिंगपासून पुढे डांबरी. उपशीला 3,400 च्या आसपास, म्हणजे अकराशे मीटर खाली, आणि लेहला रुग्णालय. अडचण एकच: आधी 5,328 मीटर चढायचं. ज्याला 4,500 वर श्वास पुरत नाही त्याला आठशे मीटर आणखी वर न्यायचं.

वाद या शेवटच्या मुद्द्यावर झाला. एका स्वाराचं म्हणणं, वर नेणं म्हणजे मारणंच. मार्गदर्शकाने हिशेब वेळेत मांडला: पठारावर उरलेली रात्र म्हणजे आठ तास 4,500 वर. खिंडीच्या वाटेवर 4,700 च्या वर घालवायचा वेळ तासाच्या आसपास, तोही बसून, गरम गाडीत आणि ऑक्सिजनवर. मग गटप्रमुखाने सिलेंडरचा हिशेब कागदावर केला. देबरिंगपर्यंत एक तास, मिनिटाला 2 लिटर: 120. खिंडीच्या चढ-उताराला सव्वा तास, 4 लिटर: 300. उरतात 130 लिटर, म्हणजे तास-सव्वा तास 2 लिटरने. एकूण तीन तास वीस मिनिटं. तेवढ्यात उपशी गाठता येत होतं. त्यावर निर्णय झाला.

रात्रीचा प्रवास

पानावर लिहिल्याप्रमाणे निफेडिपिनची एक गोळी दिली. मेमे-लेंनी रेबोत शेकोटीजवळ बसवायला सांगितलं होतं. मार्गदर्शकाने ते नम्रपणे नाकारलं, कारण शेणीच्या धुराने भरलेली बंद जागा या माणसाला घातक ठरली असती. ‘क’ला एक पाऊलही चालू दिलं नाही. खुर्चीवर बसवून चौघांनी जीपपर्यंत उचलून नेलं. मागच्या सीटवर टेकून बसवलं, पाय खाली, अंगावर दोन झोपायच्या पिशव्या. आडवं करायचं नाही, हे चालकालाही बजावलं.

कोण जाणार? गटप्रमुख रुग्णासोबत, कारण घरच्यांशी आणि रुग्णालयाशी बोलायला त्याची ओळख-पाळख हवी. मार्गदर्शक मागे राहिला, कारण उरलेले सात जण अनोळखी पठारावर होते. ही वाटणी योग्य होती, पण त्यात एक पोकळी राहिली: त्सो कारच्या सपाटीवर गाड्यांच्या चाकोऱ्या दहा दिशांना फुटतात, आणि तलावाच्या काठची जमीन वरून कोरडी नि खाली चिखल असते. दिवसा चुकलं तर कळतं, रात्री गाडी रुतल्यावर कळतं. मेमे-लेंच्या पुतण्याने मोटरसायकल काढली. तो डोंगराच्या पायथ्याची लांबची वाट धरून महामार्गापर्यंत पुढे राहिला. ही मदत पैशाने मिळालेली नव्हती. दुपारी जागा विचारून घेतली होती, शेळ्यांच्या रांगेला वळसा घातला होता, म्हणून ती सहज मिळाली.

नऊ चाळीसला निघाले. देबरिंगला पावणेअकरा, आकडा 77. तिथून ऑक्सिजन 4 लिटरवर. साडेअकराला तांगलांग ला, न थांबता. आकडा 75 च्या खाली गेला नाही. रुमत्सेला साडेबारा, 84. एकच्या सुमाराला, उपशीच्या अलीकडे, सिलेंडर संपला. उपशीला ऑक्सिजनविना आकडा 80 आणि ‘क’ पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला. सव्वादोनला लेहचं रुग्णालय.

परिणाम

एक्स-रेत उजव्या फुप्फुसात डाग दिसले. निदान ठरल्याप्रमाणेच. दोन रात्री ऑक्सिजनवर ठेवून, चालताना आकडा टिकतो हे बघून सोडलं. विमानाने तो गटप्रमुखासोबत कोल्हापूरला परतला. उरलेल्या सातांनी एक दिवस त्सो कारलाच काढला, तांगलांग ला जीप परत आल्यावर गाडीने ओलांडली आणि खिंडीपासून उपशीपर्यंतचा उतार सायकलने केला. पहिल्या निर्णयाच्या वेळी जी वाट नको वाटली होती, शेवटी तीच झाली.

काय वेगळं करता आलं असतं

वेळ कमी पडल्यावर कापायची यादी घरीच ठरलेली हवी, आणि तिच्यात विश्रांतीचा दिवस सर्वांत शेवटी यायला हवा. पूर आला तेव्हा सगळे थकलेले आणि अस्वस्थ होते. अशा वेळी माणूस जे बघायला निघाला आहे तेच वाचवतो. इथं तांगलांग ला गाडीने ओलांडली असती तर पुग्यातला दिवस सहज राखता आला असता.

पुग्याच्या सकाळी ‘क’ला सायकलवर बसू द्यायला नको होतं. 78 हा आकडा एकटा काही सांगत नाही, त्या उंचीवर निरोगी माणसाचाही येऊ शकतो. पण सोबतच्या सगळ्यांपेक्षा पाच ते नऊने कमी, वर खोकला, मागे सर्दी, ही तीन एकत्र आली की माणूस गाडीत बसतो. हा नियम माणसावर सोडायचा नाही. आधीच सगळ्यांच्या सहीने ठरवायचा, म्हणजे त्या सकाळी कुणाच्या मानापमानाचा प्रश्न येत नाही.

संध्याकाळी सहाची मोजणी हा खरा फाटा होता. तेव्हाच निघाले असते तर खिंड नऊच्या आत ओलांडली असती. ‘परत बघू’ म्हणायचं तर किती वाजता आणि कुठल्या आकड्याला निघायचं, हे दोन्ही त्याच क्षणी बोलून दाखवायला हवं. नुसतं ‘जेवण झाल्यावर’ म्हटलं की जेवण लांबतं.

सिलेंडर डोकेदुखीला वापरायचा नाही. डोकेदुखीला पाणी, आराम, साधी गोळी आणि त्याच उंचीवर थांबणं. सिलेंडरचा काटा रोज सकाळी वाचून लिहून ठेवायचा, आणि आठ जणांच्या गटाला एक ‘ए टाइप’ पुरत नाही. 1,500 लिटरचा ‘बी टाइप’ जड असला तरी पिकअपमध्ये जागा असते. रक्तदाब मोजायचं यंत्र पेटीत नव्हतं. निफेडिपिनने दाब उतरतो, त्यामुळे ते हवंच.

मार्गाच्या कागदावर प्रत्येक मुक्कामापुढे एक रकाना वाढवायचा: इथून खाली कुठं, वाटेत सर्वांत उंच किती, गाडीने किती तास, सिलेंडरमधून किती लिटर. चुमाथांगला हा रकाना सोपा आहे, नदीकाठाने सरळ खाली. पुग्याचं उत्तरही माहेमार्गे नदीकाठानेच. त्सो कारला मात्र दोन्ही बाजूंना खिंड. म्हणजे ज्याच्याबद्दल जराही शंका आहे त्याला पुग्यातूनच मागे पाठवायचं, पोलो कोंगका ओलांडू द्यायची नाही. हे रात्री नऊला तंबूत वाद घालून कळलं. लेहमध्ये नकाशा पसरला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं.

‘क’ला पुन्हा जायचं आहे. ज्याला हा आजार एकदा झाला त्याला घाईत चढल्यास पुन्हा व्हायची शक्यता बरीच असते, हे फिजिशियननी त्याला स्पष्ट सांगितलं आहे. अट अशी घातली आहे: 4,000 मीटरच्या वर दर रात्री तीनशे मीटरहून जास्त चढ नाही, दर तीन दिवसांनी एक पूर्ण मुक्काम, निफेडिपिन प्रतिबंधक म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू, आणि सर्दी-खोकला असेल तर तिकीट रद्द. या अटींत बसणारी सफर चौदा दिवसांची होते. तेवढी रजा मिळते का, यावर पुढचं ठरणार आहे.